पडावचा धुतलेला नकाशा

“अरे, तू मोकळाच आहेस ना? पुढची बाके पुसून घे.”

हे वाक्य साहेबांनी मला बंगल्यांच्या भागातल्या नव्या उद्यानाच्या उद्घाटनाच्या दिवशी, सकाळी, चारचौघांत ऐकवले. पाहुणे यायला अर्धा तास होता. फाटकाला झेंडूच्या माळा चढल्या होत्या. नव्या हिरवळीचे चौकोनी तुकडे अजून एकमेकांना धरायचे होते. कचेरीचे तीन शिपाई तिथे उभे होते. दोन माळी होते. साहेबांची नजर त्या पाचही जणांवरून फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. मी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. काखेत नकाशाची नळी होती. त्या उद्यानातली प्रत्येक वाट, कारंज्याचे वर्तुळ, ही बाके जिथे मांडली होती ते बारा ठिपके, सर्व माझ्या हातून कापडावर उतरले होते. मला वाटले होते, त्यासाठीच बोलावले असेल. पाहुण्यांनी काही विचारले, तर नकाशा उघडून दाखवायला.

मी जागचा हललो नाही. मला ऐकू आले नसावे, असे साहेबांना वाटले. ते हसून म्हणाले, “तुमच्या लोकांचा हात फिरला की वस्तू कशी लखलखीत होते.”

दोघे-तिघे हसले. साहेबांच्या मनात राग नव्हता, हे मी मुद्दाम नोंदवतो. त्यांनी शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. त्यांच्या मते ते कौतुक होते.

हेड शिपाई रामदीनने पिशवीतून एक घडी काढून माझ्या हातावर ठेवली. “लो भैया. साहब के घर से धुलकर आया है. एकदम मुलायम.”

मी घडी उलगडली.

इथे थांबतो. कारण याच क्षणाविषयी आता छापील खोटे फिरत आहे.

त्या उद्यानाची स्मरणिका नुकतीच निघाली. गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ, आणि आत साहेबांच्या पुतण्यांचा दीर्घ लेख. त्यात साहेब ‘या शहराला मोकळा श्वास देणारे द्रष्टे नियोजक’ आहेत. मी एका परिच्छेदात आहे. ‘एका उर्मट ट्रेसरने प्रमुख पाहुण्यांच्या अंगावर पुसण्याचे फडके भिरकावले आणि समारंभाला गालबोट लावले.’ पुढे असेही आहे, की तो ट्रेसर सरकारी कापड चोरून पळाला आणि त्यामुळे त्याला कामावरून दूर करावे लागले.

पुतणे त्या दिवशी जबलपुरात नव्हते. ते पुण्याला शिकत होते. मी तिथे होतो. कापड माझ्या हातात होते. मी काहीही भिरकावले नाही. घडी उलगडली, पाहिली, होती तशी चार पदरी पुन्हा घातली. भिरकावण्याजोगी ती वस्तूच नव्हती.

आता ती वस्तू काय होती, ते सांगतो. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

माझे वडील जबलपूरच्या शस्त्रांच्या कारखान्यात खरादी होते. भंडाऱ्याकडून ऐन तारुण्यात आले आणि लेथवरच म्हातारे झाले. आमच्या वस्तीतली निम्मी माणसे अशीच, विदर्भातून कारखान्याच्या भोंग्यामागे आलेली. बाकीची शहरातल्या घमापुरात मजुरी करणारी. चीनचे युद्ध होऊन गेले होते, पाकिस्तानचे व्हायचे होते. कारखान्यात पाळ्या वाढल्या. गाड्या भरभरून माणसे शहरात उतरू लागली. जिथे ज्वारी उभी असायची तिथे क्वार्टरांच्या रांगा उठल्या. शहर असे वाढू लागले, की त्याचे काय करावे हे ठरवण्यासाठी एक कचेरी उघडावी लागली. तिथे मी ट्रेसर म्हणून लागलो. वस्तीतून खुर्चीवर बसून काम करणारा पहिला माणूस मी. त्या खुर्चीचा मला फार अभिमान होता. तो अभिमान किती महाग पडला, ते पुढे येईल.

ट्रेसरचे काम आजच्या लोकांना ठाऊक नाही. मोठे अधिकारी पेन्सिलीने कागदावर आखणी करत. त्यावर आम्ही ट्रेसिंगचे कापड पसरायचो आणि शाईने रेषा गिरवायचो. ते कापड म्हणजे अतिशय तलम सुती वस्त्र. त्याला खळ आणि चकाकी देऊन काचेसारखे केलेले. त्यावरून मग छापाच्या प्रती निघत. आणि एक गोष्ट कचेरीत सर्वांना ठाऊक होती. रद्द झालेला नकाशा गरम पाण्यात सोडा घालून भिजवला, की खळ सुटते, शाई वाहून जाते आणि हाती मऊ मलमल उरते. युद्धाच्या दिवसांत असे कापड बाजारात कुठे मिळत होते? अधिकाऱ्यांच्या घरी त्याचे रुमाल होत, झबली होत, देवाची वस्त्रे होत. एका साहेबांच्या नातवाच्या झबल्यावर पाठीमागे गटाराची उतरण पुसट दिसत असे, म्हणून रामदीन हसायचा.

मी गिरवणे कारखान्याच्या शाळेत शिकलो. तिथली रीत वेगळी. कापडावर खडूची भुकटी इतकी चोळायची की चकाकी मरते आणि शाई थेट धाग्यात उतरते. शाईची कांडी पाटीवर इतकी घोटायची की थेंब पडला तर पसरत नाही. कारण छापात रेषा फिकी आली, तर खरादावरचा माणूस माप चुकतो, आणि चुकलेला तुकडा उडून त्याच्याच तोंडावर येतो. वडिलांच्या हनुवटीवर अशा एका फिक्या रेषेचा वण होता. ते मला म्हणाले होते, “रेघ अशी काढ, का मले दिव्याबिगर दिसली पायजे.”

कचेरीत साहेबांना माझी रेषा आवडत नसे. त्यांची आखणी नाजूक, वाटोळी, वेलबुट्टीसारखी. ते माझ्या टेबलाशी येत, पण नकाशा मी उचलून त्यांच्यापुढे धरायचा, असा अलिखित नियम. पाण्याच्या मडक्यापाशी माझा पेला निराळा होता, खिडकीत पालथा ठेवलेला. साहेब एकदा सर्वांसमोर म्हणाले होते, “काय रे ही रेषा. अगदी तुमच्यासारखी. जाडीभरडी, आणि धुवावी तरी जाईना.”

मीही हसलो होतो. हे लिहायला मला ऐंशी ओलांडावी लागली. पेला उचलत होतो, रेषेवरचा विनोद ऐकत होतो, आणि हसत होतो. कारण महिनाभर त्या खुर्चीवर बसलो की वस्तीत बायका मुलांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, तसा हो.

आमच्या वस्तीला लागून एक मोकळी जागा होती. तिला पडाव म्हणत. पूर्वी पनागरहून भाजीच्या बैलगाड्या यायच्या, तेव्हा पहाटेच्या बाजाराआधी त्या तिथे सुटायच्या. ट्रक आले आणि गाड्या संपल्या. जागा राहिली. पाच कडुनिंब, एक बुजलेला हौद, आणि मोकळी माती. त्या मातीत आमचे सर्व होते. कुस्ती, लग्नाचे मांडव, बायकांची उन्हातली वाळवणे, पाळीवरून आलेल्यांचे पाठ टेकणे. आमची घरे म्हणजे एक खोली. पाय पसरायचे ते पडावात.

चीनच्या युद्धात तिथे नागमोडी खंदक खणले. हवाई हल्ला झाला तर लपायला. हल्ला झाला नाही. खंदक तसेच राहिले, पावसात भरले. दोन शेळ्या बुडाल्या, एका बाईचा पाय मोडला. बंगल्यांच्या भागात एकही खंदक खणल्याचे मी पाहिले नाही. स्मरणिकेत मात्र लिहिले आहे, की ‘वस्तीकरांनी राष्ट्रकार्यासाठी आपली जागा स्वखुशीने सोडली’. कुणाला विचारले होते? मी तिथे राहत होतो. मला कुणी विचारले नाही.

नियोजनाचा आराखडा सुरू झाला, तेव्हा शहरातल्या मोकळ्या जागांची पाहणी मलाच करावी लागली. मोजणीची साखळी घेऊन उन्हात हिंडायचे काम दुसऱ्या कुणाला नको होते. साहेबांनी इंग्रजी पुस्तकातून एक तत्त्व सांगितले होते. मुलाला घरापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर खेळायची जागा हवी. तत्त्व उत्तम होते. मी ते खरे मानले. हीच माझी चूक. मी घराघरापासून पावले मोजली आणि साहेबांपुढे ठेवली. बंगल्यांच्या भागात प्रत्येक घराला स्वतःची बाग होती. आमच्या दहा हजारांच्या दाटीला एक पडाव.

साहेबांनी मान हलवली. म्हणाले, “बरोबर आहे तुझे. पडावचा तपशिलाचा नकाशा कर.”

तो नकाशा मी केला. गिरवला नव्हे, केला. पेन्सिलीपासून. खंदक बुजवलेले, आखाड्याचे वर्तुळ, बायकांना बसायला निंबाखाली ओटा, हौद पुन्हा जिवंत केलेला, भिंतीशी वाळवणांची फरसबंदी. वाळवणांना उद्यानात जागा देणारा नकाशा या देशात दुसरा कुणी केला असेल, असे मला वाटत नाही. साहेबांनी लाल पेन्सिलीने एक जागा बदलली, आणि मी भुकटी चोळून, दाट शाई घोटून तो कापडावर उतरवला. युद्धामुळे छापाचा कागद मिळत नव्हता. म्हणून प्रत निघाली नाही. जगात त्याची ती एकच.

मी वस्तीत सांगितले. वडिलांनी तर मला पुरते बोलूही दिले नाही. दारोदार जाऊन सांगून आले, “पडाव नकाशात आला. माह्या पोरानं काढला.” पुढच्या रविवारी माणसे फावडी घेऊन आली. दोन पाळ्या करून थकलेली माणसे. खंदक बुजवायला त्यांना सहा रविवार लागले. मी फक्कीने जमिनीवर आखाड्याचे वर्तुळ आखले, नकाशातल्या मापाने, बरोबर. त्या पांढऱ्या रेषेच्या आत कुणी चप्पल घालून जात नसे.

मग आराखडा लोकांना पाहण्यासाठी लावला गेला. हरकती द्यायला मुदत होती. मी पाहिले, तर पडावची जागा कोरी. मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, “तुझा नकाशा मंजुरीला वर गेला आहे. आला की जोडू. कशाला घाई?”

वस्तीत गिरजामावशी होत्या. पडावात गाड्या येत तेव्हापासून तिथे भाजी विकणाऱ्या. त्यांना अक्षर येत नव्हते, पण माणूस वाचता येत असे. त्यांनी कुणाकडून तरी अर्ज लिहवून घेतला होता, आणि त्यावर घराघरातून अंगठे घेतले होते. जांभळ्या शाईचे, चार पाने भरून. तो अर्ज त्या माझ्याकडे घेऊन आल्या.

मी तो परत दिला. म्हणालो, “मावशी, याची गरज नाही. नकाशा वर गेला आहे. अर्ज दिला तर साहेबांना राग येईल.”

“तू म्हणून राहिला तं ठीक,” त्या म्हणाल्या. अर्जाची घडी करून त्यांनी कमरेला खोचली. मुदत संपली. आमच्या वस्तीतून एकही हरकत गेली नाही. स्मरणिकेत हाच पुरावा म्हणून दिला आहे. ‘त्या भागातून एकही हरकत आली नाही, यावरून तेथे उद्यानाची मागणीच नव्हती हे स्पष्ट होते.’ पुतण्यांचे हे एकच वाक्य आहे, ज्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. तो माझ्यामुळे खरा आहे.

आता पुन्हा त्या सकाळी येतो. फाटकाला झेंडू. माझ्या हातात मऊ मलमल.

घडी उलगडली तेव्हा प्रथम काही दिसले नाही. पांढरे कापड. मग मी ते उन्हात धरले. राखाडी रेषा होत्या. पुसट, पण तुटलेल्या नव्हत्या. एका कोपऱ्यात पाच ठिपके. मध्ये वर्तुळ. भिंतीलगत चौकोनांची ओळ.

पाच निंब. आखाडा. वाळवणे.

माझा नकाशा वर कधी गेलाच नव्हता. तो साहेबांच्या घरी गेला होता. हौदात, सोड्याच्या पाण्यात. साहेबांचे हिशेब एकाच गोष्टीत चुकले. बाकीच्या ट्रेसरांची शाई धुऊन जाते. माझी कारखान्याची होती.

मी तिथे उभा राहिलो, आणि सहा रविवार माझ्या डोळ्यांपुढून गेले नाहीत. लोक लिहितात तसे काही झाले नाही. मला फक्त गिरजामावशींची कमर दिसली, आणि तिथे खोचलेली ती घडी.

साहेब जवळ आले. “काय झाले? पुसतोस ना?”

मी म्हणालो, “साहेब, हे पुसायचे कापड नाही. हा पडावचा नकाशा आहे.”

त्यांनी कापडाकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणून मला कळले, की त्यांना ठाऊक होते. ते हळू आवाजात, अगदी समजुतीने म्हणाले, “कसला नकाशा? तिथे सरकारी कोठाराची जागा ठरली आहे. तू ट्रेसर आहेस. ट्रेसर नकाशा काढत नाही, गिरवतो. चल, पाहुणे आले.”

पाहुण्यांची मोटार खरोखरच फाटकाशी आली होती. मी घडी घातली. सदऱ्याचे वरचे बटण उघडून ती आत ठेवली. काखेतली नळी, ज्यात त्या दिवशीच्या उद्यानाचा नकाशा होता, ती पहिल्या बाकावर ठेवली. बाकावर धूळ होती. ती मी पुसली नाही. मग पाहुण्यांच्या शेजारून, समोरच्या फाटकाने बाहेर पडलो. मागच्या दाराने नाही. मी पळालो असे लिहिणाऱ्यांसाठी सांगतो, मी चालत घरी गेलो. बंगल्यांच्या त्या उद्यानापासून आमच्या वस्तीपर्यंत पायी पाऊण तास लागतो. वस्तीच्या मुलांनी तिथे खेळायला यावे, असे भाषणात सांगितले गेले, हे नंतर ऐकले.

दुसऱ्याच दिवशी रामदीन चिठ्ठी घेऊन आला. सरकारी कापड परत करावे, माफी लिहून द्यावी, मग विचार करू. रामदीन ओशाळला होता. म्हणाला, “दे दो भैया. फटा कपड़ा है. नौकरी बड़ी चीज़ है.” तो वाईट माणूस नव्हता. मी त्याला चहा दिला. चिठ्ठीच्या पाठीवर लिहिले, ‘कापड माझ्या हातचे आहे. नोकरी तुमच्या हातची आहे. ज्याने त्याने आपले ठेवावे.’ चोरी असती तर पोलीस आले असते. पोलीस आले नाहीत. कारण पोलिसांपुढे ते कापड उलगडावे लागले असते. हा प्रश्न साठ वर्षांत मला कुणी विचारला नाही, म्हणून उत्तर आज न विचारता देतो.

वडील पाळीवरून आले. त्यांनी आधी मला फाडून खाल्ले. “नोकरी टाकून फडकं आणलं? काहून?” मी कापड खिडकीवर धरले. ते जवळ आले. चष्मा नव्हता, दिवा नव्हता. हनुवटीवरचा तो वण खाजवत त्यांनी एकेक रेष पाहिली. बोट न लावता त्यांनी वर्तुळ हवेत फिरवले. मग म्हणाले, “मी दारोदार सांगून आलो. आता तू जाय. सांग त्यायले, का खोटं होतं.”

मी म्हणालो, “बाबा, खोटे साहेब बोलले.”

“लोकायले कोण बोललं?”

मी कापडाची घडी घातली.

त्या संध्याकाळी मी पडावात उभा राहिलो. फक्कीच्या वर्तुळाबाहेर. सांगितले सर्व. नकाशा धुतला गेला. जागा कोठाराला गेली. मुदत संपली, आणि ती माझ्या शब्दावर संपली. कुणी शिवी दिली असती तर बरे झाले असते. माणसे उठून जाऊ लागली. गिरजामावशी राहिल्या. त्यांनी कमरेचा अर्ज काढला. घडीच्या रेषांवर तो फाटत आला होता.

“कागदावर नोहता तवा पडाव नोहता का रे?” त्या म्हणाल्या. “तुले कोणं सांगितलं, का साहेबानं काढला तरच थो आपला?”

अपमान मी उद्यानात सोसला होता. जाग मला इथे आली. साहेबांनी मला बाके पुसायला सांगितली ती एक सकाळ. मी मात्र त्यांच्या मंजुरीची वाट पाहत दोन वर्षे त्या खिडकीतला पेला उचलत होतो, आणि माझ्याबरोबर सगळ्या वस्तीला उभे केले होते. ज्या जागेवर त्यांचे बाप बैल सोडत आले, ती त्यांना मिळणार की नाही हे मी साहेबांच्या तोंडून ऐकायला गेलो होतो. जाडीभरडी रेषा माझी होती. वाकलेली मान मीच आणून जोडली होती.

मग मला जे काम येत होते ते मी केले. खिडकीच्या काचेवर धुतलेले कापड चिकटवले, त्यावर कागद ठेवला, आणि राखाडी रेषा पुन्हा काळ्या केल्या. मावशींचा अर्ज त्याला जोडला आणि दोघे जाऊन देऊन आलो. उत्तर आले. मुदतीनंतरची हरकत विचारात घेता येत नाही, आणि नकाशावर अधिकृत सही नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

कोठार झाले. त्याची भिंत आखाड्याच्या वर्तुळातून गेली. गवंडी दोरी लावत होते तेव्हा फक्की अजून दिसत होती. पडावचा तिसरा हिस्सा उरला, निंबांकडचा, तोही यासाठी, की पाया खणायच्या दिवशी मावशी आणि चाळीसेक बाया त्या निंबांखाली वाळवणे घालून बसल्या आणि चार दिवस उठल्या नाहीत. स्मरणिकेत त्या पट्ट्याला ‘साहेबांच्या दूरदृष्टीने राखलेली हरित जागा’ म्हटले आहे. मावशी आता नाहीत. त्यांच्या वतीने मी ही ओळ इथे खोडतो.

पुढे मला मझौलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे काम मिळाले. त्यावर संसार झाला. ते असो.

आता मुद्द्याची गोष्ट. शहराचा नवा आराखडा आला आहे. तो मी काठी टेकत जाऊन पाहून आलो. संगणकावर काढलेला, रंगीत, सुबक. निंबांचा तो पट्टा त्यात करड्या रंगाचा आहे. त्यावर लिहिले आहे, वाहनतळ. मी तिथल्या तरुण अधिकाऱ्याला विचारले, इथे काय आहे ते तुम्ही पाहिले का? तो आदराने म्हणाला, “दादाजी, रिकॉर्ड में तो खाली जगह है.” मग त्याने मला ती स्मरणिका दाखवली. तिथे कधी उद्यान नियोजितच नव्हते, असे त्यात लिहिले आहे ना. छापलेले आहे. म्हणजे पुरावा.

अशी खोटी वाक्ये म्हणूनच मी खपवून घेत नाही. लोकांना वाटते म्हातारा जुन्या मानापमानावर भांडतो. मानापमानाचा हिशेब माझा मी केव्हाच मिटवला. हे वाक्य उद्या पाच निंबांवर चालवले जाणार आहे.

नुकतेच मी पेटीतून ते कापड काढले. पिवळे पडले आहे. रेषा आहेत. कांडी आता मिळत नाही, बाटलीतली शाई आणली आणि ताटलीत ठेवून दाट होईपर्यंत वाळवली, आणि त्याच कापडावर जुन्या रेषा पुन्हा काळ्या केल्या. वयामुळे आखाड्याच्या वर्तुळाला दोन ठिकाणी लहर आली आहे. ती मी खोडलेली नाही. कोठाराची भिंत जिथून गेली, तिथे ती दाखवली आहे, कारण मी खोटा नकाशा करत नाही. पण वर्तुळ तिच्या आरपार पूर्ण काढले आहे. निंबांखाली आज जिथे बाया बसतात, मुले खेळतात, ते सर्व पावलांनी पुन्हा मोजले. नातीने टेप धरला. ती मराठी समजते, बोलते हिंदीत. “आजोबा, ये किसने पास किया था?” तिने विचारले. मी म्हणालो, कुणी नाही.

वस्तीत यंदा अर्ज आधी फिरला. मी कुणाला थांबा म्हणालो नाही. पाने किती झाली ते मोजलेले नाही, पिशवी जड आहे. हरकती घ्यायला सोमवारपासून सुरुवात आहे. शेवटच्या दिवसाची मी वाट पाहणार नाही. दार उघडेल तेव्हा मी दाराशी असेन, आणि ते धुतलेले कापड त्यांच्या टेबलावर अंथरीन. घ्यायचे तर त्यांनी माझ्यासमोर हात लावून घ्यावे.

माझे नाव या लेखात कुठे नाही. ते नकाशावर आहे. कचेरीच्या नकाशांना उजव्या कोपऱ्यात तीन रकाने असत. आखणी, तपासणी, मंजुरी. साहेबांच्या काळात पहिल्या रकान्यात माझी दोन अक्षरे बसत, तीही पुष्कळदा खरवडली जात. या वेळी तिथे माझे पूर्ण नाव आहे, वडिलांच्या नावासह, दिव्याशिवाय वाचता येईल इतक्या दाट शाईत. तपासणीच्या रकान्यात गिरजाबाईंचे नाव आहे.

मंजुरीचा रकाना मी आखलेला नाही.